तोंडानं दिलेला खो

आबांच्या हाताला डांबराचा वास यायचा. ते रस्त्याच्या गँगवर होते. पारनेरच्या फाट्यापासून घाटापर्यंत जिथं खड्डा पडेल तिथं ते आणि आणखी पाच-सहाजण खडी टाकायचे, वर डांबर ओतायचे. संध्याकाळी घरी आले की दारातल्या दगडावर बसून रॉकेलच्या बोळ्यानं बोटं पुसायचे, मग राखेनं घासायचे, मग साबण लावायचे. तरी भाकरी मोडताना वास यायचाच. मला आणि माझी धाकटी बहीण रंजी हिला तो इतका सवयीचा झाला होता की दुसऱ्या कुणाचे वडील जवळून गेले आणि वास आला नाही, तर काहीतरी राहून गेल्यासारखं वाटायचं. आई दुसऱ्यांच्या रानात खुरपायला, कांदे लावायला, काढायला जायची. तिच्या हातांना कांद्याचा वास. घर पत्र्याचं, दोन खणांचं, गावाच्या ओढ्यापलीकडं. आमच्या वस्तीला आम्ही बुद्धवाडा म्हणायचो, गावातले लोक जुन्या नावानंच म्हणायचे. आजोबांनी धर्म बदलला तेव्हा देव्हाऱ्यातले टाक स्वतःच्या हातानं विहिरीत सोडले होते, असं आई सांगायची. देव गेले, पण ओढा तिथंच राहिला.

दिवस मावळायला गावातली पिठाची गिरणी सुरू व्हायची. तिचा टुकटुक आवाज ओढ्यावरून आमच्यापर्यंत यायचा, आणि त्याच सुमाराला मुक्कामाची एसटी घाटात गिअर बदलायची. त्या दोन आवाजांत आई चूल पेटवायची. हुलग्याचं पीठ मळून, लसूण-मिरची घालून ती त्याच्या बोटाएवढ्या वळ्या वळायची आणि उकळत्या पाण्यात सोडायची. शेंगोळी. घरात तेल जेमतेम असायचं, पण आईच्या शेंगोळ्याला जी चव होती ती मला पुढं कुठंच मिळाली नाही. आता नगरमध्ये, म्हणजे आता अहिल्यानगर म्हणायचं, मी गॅसवर करते, तेल सढळ हातानं घालते, आणि नातवंडं नाक मुरडतात. त्यांचंही खरं आहे. ती चव कळायला पोटात भूक असावी लागते.

मी जोरात पळायचे. एवढी एकच गोष्ट माझ्याकडं होती. अभ्यासात मधली, दिसायला सावळी, काटकुळी. पण ओढ्यातून शाळेपर्यंत पळत सुटले की मुलंसुद्धा मागं राहायची. आठवीत असताना पी.टी.च्या सरांनी मला खो-खोच्या संघात घेतलं. सर बाहेरगावचे, खोली करून एकटे राहायचे. त्यांना एकच वेड होतं: आमच्या आडगावच्या शाळेनं तालुक्याचा कप आणायचा. ते मला म्हणाले, "तुझ्या पायात वारा आहे, निर्मला. फक्त वळताना घाई करू नकोस." हे वाक्य मी कितीतरी दिवस मनात घोळवलं. कुणी माझ्याबद्दल इतकं चांगलं बोलल्याचं मला तोपर्यंत आठवत नव्हतं.

ज्यांनी खो-खो खेळलेला नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते. पाठलाग करणाऱ्या संघातल्या आठजणी एका रेषेत उकिडव्या बसतात, एक इकडं तोंड करून, एक तिकडं. नववी पळते. पळणारीला आपली जागा दुसरीला द्यायची असेल तर बसलेलीच्या पाठीवर हात मारून ‘खो’ म्हणायचं. हात लागल्याशिवाय बसलेलीनं उठायचं नाही. उठली तर फाऊल. सगळा खेळ त्या हातावर आहे.

आठवीचं वर्ष चांगलं गेलं. माझ्या शेजारी बसायची ती अलका. तिच्या घरची चांगली बागाईत होती, दारात बैलजोडी होती, थोरला भाऊ फटफटीवरून फिरायचा. तरी आम्ही दोघी शाळेतून बरोबर यायचो. वाटेत चिंचेच्या झाडाखाली ती माझ्या डब्यातली उरलेली शेंगोळी खायची. "काकूंच्या हातात काय हाय गं एवढं?" म्हणायची आणि बोटं चाटायची. शाळेत मात्र तिनं माझ्या डब्याकडं कधी हात केला नाही, आणि मी तिच्या घरी गेले तर मला ओट्याच्या खालीच थांबायला लागायचं. या गोष्टींचा मला तेव्हा राग येत नव्हता. ऊन असतं, ओढा असतो, तसंच हे असतं असं वाटायचं. आज मला त्या न आलेल्या रागाचाच जास्त राग येतो.

नववीच्या सुरुवातीला आमची कप्तान पुष्पा हिची आत्या मैदानावर आली. पुष्पाला घरी न्यायला आली होती, खेळ संपेपर्यंत बांधावर उभी राहून पुष्पाच्या पाठीवर कुणाकुणाचा हात पडतो ते बघत राहिली. दुसऱ्या दिवशी सरावाला मी पुष्पाच्या मागं आले, हात उचलला, आणि माझा हात पोचायच्या आत ती उठून पळाली. सरांनी शिट्टी मारली. "पुष्पा, लवकर उठलीस!" ती म्हणाली, "चुकलं सर." दुसऱ्या फेरीत पुन्हा तसंच. चौथ्या दिवशी आणखी तिघी तशाच उठायला लागल्या. मला वाटलं, मीच फार हळू येते. मी आणखी जोरात पळायला लागले. मी जितकी जोरात यायचे तितक्या त्या लवकर उठायच्या.

मग तो शब्द आला. मी चुकून एकीच्या पाठीला हात लावलाच, तर बाकीच्या ओरडायच्या, "बाटली! बाटली!" आणि हसायच्या. त्या मुलीला घरी जाऊन पाठ धुवायला सांगायच्या. आठवडाभरात ते माझंच नाव झालं. मी वर्गात आले की मागच्या बाकावरून कुणीतरी रिकाम्या बाटलीत फुंकल्यासारखा आवाज काढायचं. मराठीच्या बाईंना वाटलं, मी काटकुळी म्हणून मुली चिडवतात. त्यांनी हसून म्हटलं, "अगं, तिला बाटली म्हणू नका, काडी म्हणा." सगळा वर्ग हसला. मीही हसले. खरंच हसले. त्या वयात आपल्यावर सगळे हसत असले की त्यात सामील व्हायची घाई असते, एकटं राहायला नको म्हणून.

अलका तेवढी बसून राहायची. माझा हात लागेपर्यंत ती हलायची नाही. तिच्या पाठीवर हात टेकला की मला श्वास घ्यायला जागा मिळायची. खेळात मी फिरून फिरून तिच्याकडंच यायला लागले. सरांच्या ते लक्षात आलं, समोरच्या संघांच्याही आलं असतं. एके दिवशी सराव संपल्यावर सरांनी मला थांबवलं. ते खाली वाकून बुटाची नाडी बांधत होते, आणि तसेच वाकलेले असताना, माझ्याकडं न बघता बोलले.

"निर्मला, एक कर. खो तोंडानं दे. आवाज मोठा काढ, हात नुसता जवळ ने. पाठीला लावायची गरज नाही."

"सर, फाऊल धरतील."

"पंचाला लांबून काय दिसतंय? हात जवळ असला म्हणजे झालं." नाडी बांधून झाली होती तरी ते उठले नाहीत. "तुला समजतंय ना? मला संघ मोडायचा नाही. तुला काढायचं नाही म्हणून सांगतोय."

मी मान हलवली. मला त्यांचे आभारच वाटले होते, हे लिहायला जड जातं. त्यांनी मला काढलं नव्हतं. महिनाभर मी तेच शिकले. धावत यायचं, हात पाठीपासून चार बोटं वर रोखायचा, आणि ‘खो’ ओरडायचं. मुली खूश झाल्या. फाऊल थांबले. सर म्हणाले, "बघ, जमलं की नाही!" मला इतकं जमलं की अलकाच्या पाठीवरसुद्धा माझा हात आपोआप थांबायला लागला. एकदा तिनं वळून विचारलं, "माझ्याबी न्हाई लावत व्हय आता?" मी म्हटलं, "सवय मोडंल." ती पुन्हा समोर तोंड करून बसली.

सामने पारनेरला होते. टेम्पोतून आम्ही उभ्यानं गेलो, सगळ्या गात होत्या, मीही गात होते. त्या दिवशी पहाटे उठून आईनं माझा पांढरा सदरा तांब्यात निखारे घालून त्यानं इस्त्री केला होता. रंजी तेव्हा चौथीत होती. तिनं माझ्या वेणीला स्वतःची लाल रिबीन बांधली आणि बजावलं, "ताई, किती जणी बाद केल्या ते मोजून ठेव. आल्यावर सांग." आबांनी सायकलवरून टेम्पोपर्यंत सोडलं.

पहिला सामना सहज जिंकलो. दुसऱ्याला पंच बदलले. ते नगरचे होते, उंच, पांढऱ्या टोपीचे, आणि रेषेच्या अगदी जवळ उभे राहायचे. मी पहिला खो दिला आणि शिट्टी वाजली. "हात लागला नाही. फाऊल." मी सरांकडं बघितलं. सर दुसरीकडं बघत होते. पुन्हा खो, पुन्हा शिट्टी. फाऊल झाला की पळणारीला परत उलटं फिरावं लागतं, तोवर समोरची निसटते. तिसऱ्या फाऊलला ते पंच जवळ येऊन शांतपणे म्हणाले, "बाळ, हात लावायचा असतो. तुला कुणी शिकवलं नाही का?" पुष्पा बसल्या जागेवरून ओरडली, "सर, हिला बदला! हिच्यामुळं जातोय सामना!" सरांनी मला बदललं नाही. का, ते मला माहीत नाही. कदाचित माझ्याइतकं जोरात पळणारं दुसरं कुणी नव्हतं म्हणून असेल.

शेवटची काही मिनिटं उरली होती. समोरची एक बाद झाली असती तर आम्ही जिंकलो असतो. ती दमली होती, खांबाकडून वळून अलकाच्या समोरून चालली होती. मी पोचले. हात नेहमीसारखा पाठीपासून चार बोटांवर थांबला, आणि त्या एका क्षणात मला वाटलं, आता पुरे. मी पंजा उघडून अलकाच्या पाठीवर मारला. "खो!"

अलका उठली नाही.

माझ्या हाताखाली तिची पाठ ताठ झालेली कळली. समोरची मुलगी हाताच्या अंतरावरून पुढं निघून गेली. मी पुन्हा मारला. "खो! अलका, ऊठ की!" ती समोर बघत होती. मी तिच्या नजरेच्या दिशेनं बघितलं तर दोरीपलीकडं तिचा भाऊ उभा होता, गावातल्या चार पोरांबरोबर. ते फटफटीवरून सामना बघायला आले होते. तो काही करत नव्हता, ओरडत नव्हता. नुसता बघत होता. मी तिसऱ्यांदा हात मारला. प्रेक्षकांतून हसायचा आवाज आला. बाहेरच्या लोकांना वाटलं असेल, या खेड्यातल्या पोरींना खेळच येत नाही. पंच गोंधळून दोघींकडं बघत राहिले. मग वेळ संपल्याची लांब शिट्टी झाली.

परतताना सर मला म्हणाले, "तू पुढं बस, ड्रायव्हरजवळ." माझ्या भल्यासाठीच म्हणाले असतील. मागं मुली फळीवर हात बडवून गात होत्या, "बाटली, बाटली, कुणी फोडली, कुणी फोडली." सकाळच्याच चालीवर. अलकाचा आवाज त्यात होता की नव्हता, हे मी कान देऊन ऐकायचा प्रयत्न करत होते. कळलं नाही. आजही मी ते ठरवू शकत नाही. ड्रायव्हर चांगला माणूस होता. म्हणाला, "काय गं बाळ, हरला व्हय? हरू दे. एवढं काय त्यात." मी खिडकीतून बाहेर बघत राहिले.

घरी आईनं शेंगोळी केली होती. रंजी दारातच उभी. "किती बाद केल्या?" मी म्हटलं, "चार." पहिल्या सामन्यातल्या चार खऱ्या होत्या. बाकी काही सांगितलं नाही. पण गावात गोष्टी राहतात कुठं? दुसऱ्या दिवशी आबा घाटात खडी टाकत असताना अलकाच्या भावानं फटफटी थांबवली. आबांच्या बरोबरच्या माणसानं नंतर आईला सांगितलं. तो म्हणाला होता, "पोरीला सांगा, खेळायचं आसंल तर हात आवरून खेळायचं. आमच्या पोरीला मारलं तिनं. तीनदा."

त्या रात्री आबांनी विचारलं तेव्हा मी सरांनी शिकवलेलं सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते धुतलेला सदरा घालून शाळेत गेले. मला बाहेर उभं केलं होतं, पण खिडकी उघडी होती. मुख्याध्यापक गोड बोलत होते. "पोरीपोरींचं खेळणं हाय, मनावर घेऊ नका. तुमच्या निर्मलानं जरा जोरात हात मारला, तिकडच्या पोरीनं रुसून न उठण्याचा हट्ट केला. एवढंच."

आबा म्हणाले, "तिला तोंडानं खो द्यायला कुणी शिकवलं, सर?"

 मुख्याध्यापकांचा आवाज बदलला नाही, फक्त सावकाश झाला. "हे बघा, अर्ज द्यायचा तर द्या. तुमचा हक्क हाय. मी पुढं पाठवीन. पण ऱ्हायचं तुमाला हितंच हाय ना?"

आबांनी अर्ज दिला नाही. ते वाटेत माझ्यापुढं दहा पावलं चालत राहिले, घरी आल्यावर दगडावर बसून, स्वच्छ असलेली बोटं बराच वेळ पुसत राहिले. मला वाटलं होतं ते माझ्यावर चिडलेत. त्या सुगीला कांदे लावायला आईला महिनाभर कुणी बोलावलं नाही. कुणी भांडलं नाही, कुणी काही म्हटलं नाही. सकाळी बाया घोळक्यानं रानात निघायच्या आणि आईला हाक यायची नाही. आई दारात खुरपं घेऊन उभी राहायची. उन्हं वर आली की आत यायची.

अलका मला त्यानंतर एकदाच एकटी भेटली, गिरणीत. पिठाच्या धुराळ्यात दोघी आपापल्या डब्यांजवळ उभ्या होतो. गिरणीच्या आवाजात बाहेरच्या कुणाला काही ऐकू आलं नसतं. मला वाटलं, आता ती बोलेल. ती बोललीही.

"लई जोरात मारलंस गं," ती म्हणाली. "दोन दिवस दुखत हुतं."

आणि मी म्हटलं, "चुकलं माझं."

तिनं डबा उचलला आणि गेली. दहावीनंतर तिचं लग्न झालं, पुढं मला तिची काही खबर नाही. या दोन वाक्यांवर मी आयुष्यात जितका विचार केला तितका परीक्षेवर, नोकरीवर, लग्नावरही केला नाही. ती माफी मागायला आली होती आणि तिला शब्द सापडले नाहीत, असं काही वर्षं मी धरून चालले. आता तसं वाटत नाही. तिची पाठ दुखत होती, एवढंच असावं. मात्र ‘चुकलं’ हे मी म्हटलं होतं, त्यात शंका नाही.

मी संघ सोडला. कुणी विचारलं नाही. सर मैदानावर मला टाळायचे. दहावीचं वर्ष मी शेवटच्या बाकावर बसून काढलं, बाटलीचे आवाज हळूहळू कमी झाले, कारण मी त्यांना काही उत्तर द्यायचे नाही, हसायचेही नाही. इथपर्यंतची गोष्ट मी पुष्कळांना सांगितली आहे. कार्यक्रमांत सांगितली, माझ्या मुलांना सांगितली. लोक हळहळतात. पुढची मी कुणाला सांगितली नव्हती.

पारनेरला अकरावी-बारावी करून मी नर्सिंगला जायच्या तयारीत होते तेव्हा रंजी आठवीत आली. ती माझ्यापेक्षा जोरात पळायची. माझ्या पायात वारा असेल तर तिच्या पायात वावटळ होती. एका संध्याकाळी ती धापा टाकत आली आणि म्हणाली, "ताई, सरांनी मला घेतलं! खो-खोत! उद्यापासून सराव हाय." तिच्या चेहऱ्याकडं मला बघवेना. आई चुलीपुढं थांबली. आबा बोळ्यानं बोटं पुसत राहिले. त्या घरात तोपर्यंत न बोलण्याची सवय झाली होती. मी रंजीला काही सांगितलं नाही. आम्ही सगळे मिळून तिच्यापासून ते लपवत आलो होतो, आणि तिला फक्त एवढं माहीत होतं की ताईनं चार बाद केल्या आणि मग खेळणं सोडलं.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले. सर आता केसांनी पिकले होते. मी त्यांना म्हटलं, "सर, रंजनाला डॉक्टरांनी पळायला मना केलंय. तिच्या हृदयात लहानपणापासून दोष आहे. घरात कुणी तिला सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका." सरांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना खोटं कळलं होतं, हे मी पैजेवर सांगेन. पण ते म्हणाले, "बरं. मी तिला सावलीत बसवीन." त्यांनाही ते सोयीचंच होतं. 

तीन वर्षं रंजी पी.टी.च्या तासाला कडुनिंबाखाली बसून दुसऱ्यांची दप्तरं सांभाळत होती. सुरुवातीला ती घरी येऊन रडायची, सरांना शिव्या द्यायची, "मी काय केलं? मला का न्हाई घेत?" म्हणून विचारायची. तिला वाटलं, तिच्या जातीमुळंच काढलं. मी तिचं डोकं थोपटायचे आणि म्हणायचे, "जाऊ दे." पुष्पाला, अलकाच्या भावाला, मुख्याध्यापकांना जे करायचं होतं ते त्यांनी आमच्या रंजीपर्यंत येऊन करायची गरजच उरली नाही. घरातूनच झालं, आणि मायेनं झालं.

आज माझी नात कॉलेजात आहे. मागच्या महिन्यात तिच्या वर्गाच्या मोबाईल ग्रुपवर कुणीतरी तिच्या फोटोखाली लिहिलं, ‘फुकटच्या सीटवाली’, आणि त्याखाली हसरी तोंडं आली, बेचाळीस. तिनं मोजून मला दाखवलं. "आजी, मी ग्रुप सोडू का?" असं विचारलं.  ‘सोड’ म्हणणं माझ्या तोंडाशी आलं होतं, आणि मी स्वतःलाच भ्याले.

त्या रात्री न राहवून मी रंजीला फोन केला. ती चाकणकडं असते, तिचे गुडघे आता दुखतात. मी तिला सगळं सांगितलं: पारनेरचा सामना, अलका, आणि मी सरांना सांगितलेलं ते खोटं. तिच्याकडचा टीव्ही चालू होता, तो तिनं बंद केल्याचं मला कळलं. मी म्हटलं, "रंजे, तुला तसलं काही बघायला लागू नये म्हणून केलं गं."

 तिनं फोन दुसऱ्या कानाला लावल्याचं कळलं.

मग म्हणाली, "तू एक वर्ष तरी खेळलीस, ताई."